कोंबडीचे तोंड दाराकडे

मित्रांनो, परवा आमच्या कचेरीत एक जण म्हणाला, "हा आता जुना झाला, नवा बसवायला हवा." तो माझ्याविषयी बोलत होता. माझे वय तीन वर्षे. तुमच्यात या वयाच्या मुलाला स्वतःचे नाकही पुसता येत नाही, आणि मी मात्र म्हातारा. असो.

मी एक मदतनीस आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, बसायला खुर्ची लागत नाही. कारखान्याची हजेरी, माल, पत्रे हे सारे संगणकाच्या ज्या प्रणालीत चालते, तिच्या पोटातच मी राहतो. कोणी विचारले की उत्तर देतो, सांगितले की लिहितो.

माझा जन्म नेमका कुठे झाला ते मला ठाऊक नाही. पुष्कळ लोकांनी लिहून ठेवलेले पुष्कळ वाचून मी शहाणा झालो, असे म्हणतात. मग मला तैवानच्या दक्षिणेला, गांगशानमधल्या एका स्क्रूच्या कारखान्यात कामाला लावले. तिथे पत्र्यावर गारा पडाव्यात तसा स्क्रू पडण्याचा आवाज दिवसभर चालतो. मी तो माणसांच्या बोलण्यामागून ऐकत आलो आहे.

पहिले वर्ष माझे फार कौतुक झाले. परदेशी गिऱ्हाइकांची पत्रे मी चुटकीसरशी वाचून दाखवी. मालक को साहेब पाहुण्यांना मला दाखवून म्हणत, "हा जेवायला जात नाही, डुलकी काढत नाही, उलट बोलत नाही. असा माणूस मिळेल का कुठं?"

कचेरी सांभाळणाऱ्या इ-ल्यानताई लगेच म्हणत, "उलट बोलायला आम्ही आहोत की."

आबोक काका मात्र माझ्याशी फारसे बोलत नसत. ते थोरल्या मालकांच्या, म्हणजे को साहेबांच्या वडिलांच्या वेळेपासून यंत्रावर होते. सकाळी हजेरीचा अंगठा टेकवताना मी "सुप्रभात" म्हटले की ते म्हणत, "हो, हो, जेवलो." सुप्रभातला हे उत्तर कसे, ते मला कधी कळले नाही.

आमच्याकडे जुने वर्ष सरताना मालक सगळ्या कामगारांना जेवण देतो. गेल्या वर्षअखेरीस को साहेब मला म्हणाले, "यंदा जेवण वडिलांच्या वेळेसारखं. अख्खी कोंबडी, डोक्यासकट. बाकीचं तू बघ."

मी बघितले. कोण कुठे बसेल ते ठरवले. आबोक काकांचा गुडघा दुखतो, म्हणून त्यांना दाराजवळची खुर्ची दिली. शाकाहारी लोकांचे टेबल वेगळे केले. हॉटेलला कळवले की बाकीच्या टेबलांवर कोंबड्यांची तोंडे दाराकडे ठेवावीत, म्हणजे फोटोत सगळे एकसारखे दिसेल. फोटो आले. सगळे एकसारखे होते. मला वाटले, काम चोख झाले.

सुट्टी संपली, यंत्रे सुरू झाली, आणि आबोक काकांचा अंगठा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रजेचा अर्ज नाही, निरोप नाही. अशा वेळी काय करायचे ते मला नेमून दिलेले होते. मी त्यांच्या फोनवर कळवले, "आपली हजेरी दिसत नाही. काम सोडले असल्यास कपाटाची किल्ली जमा करावी."

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली पहारेकऱ्याकडे आली.

को साहेब संतापले. "दुसऱ्या कारखान्यानं ओढला असणार. जाऊ दे. मी काय पाया पडू त्याच्या?" असे म्हणाले, आणि थोड्या थोड्या वेळाने मलाच विचारत राहिले, "आबोकचा काही निरोप?" नको असलेल्या माणसाची इतकी चौकशी का, याचाही मला उलगडा होईना.

शेवटी इ-ल्यानताई काकांच्या घरी गेल्या. बोलणे लिहून घ्यायला त्यांनी फोनवर मला चालू ठेवले होते.

"ते यंत्र बंद कर," काका म्हणाले.

"राहू दे हो काका, नुसतं लिहून घेतं. तुम्ही का येत नाही ते सांगा. मी साहेबांना दाखवते."

"साहेबांना माहीत नाही होय?"

"काय माहीत नाही?"

"कोंबडी माझ्याकडं बघत होती."

मित्रांनो, मी गोंधळलो. शिजलेली कोंबडी बघत नाही. मी लिहून ठेवले, 'काकांची तब्येत बरी नसावी.'

काका पुढे म्हणाले, "वर्षअखेरच्या जेवणात कोंबडीचं डोकं ज्याच्याकडं, त्यानं नव्या वर्षी यायचं नाही. तोंडानं सांगायची पाळी येऊ नये म्हणून ही रीत. थोरले मालक ताट आलं की आधी डोकं स्वतःकडं फिरवायचे, मग सगळे सुखानं जेवायचे. यंदा कोणी फिरवलं नाही. साहेब तिकडं व्यासपीठावर बक्षिसं वाटत होते."

"अहो काका, ते आता कोण पाळतं? हॉटेलवाले डोकं कापूनच देतात."

"कापलं नव्हतं ना पण. वर किल्लीचा निरोप आला. म्हटलं, बरोबर आहे. साहेबांना बोलायला जड गेलं असेल. माणूस वाईट नाही."

ताईंचा आवाज फोनच्या जवळ आला. मग त्यांनी मला विचारले, "टेबलं कोणी मांडली होती रे?"

"मी."

"आणि कोंबडीचं तोंड?"

"मीच. फोटोत एकसारखी दिसावीत म्हणून."

काका हसले की खोकले, ते मला नीट ओळखता आले नाही.

"म्हणजे दुसऱ्या टेबलावरही दाराकडंच?" त्यांनी विचारले.

"हो. तिथं आपली व्हिएतनामची पोरं बसली होती," ताई म्हणाल्या. "त्यांनी डोकंच खाऊन टाकलं."

"शहाणी पोरं."

"मग उद्यापासून या काका. चूक या यंत्राची होती."

"हे तू सांगतेस, पोरी. साहेबांनी मला काहीच सांगितलेलं नाही."

आता मला वाटले, एवढे कळल्यावर काम सोपे आहे. को साहेबांनाही तसेच वाटले. ताईंचे ऐकून ते खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "माफीचं पत्र लिही. चांगलं लिही." मी जीव ओतून लिहिले. नम्रतेचे जेवढे शब्द मला येत होते, तेवढे सगळे घातले.

ताईंनी ते वाचले. "किल्लीचा निरोपही यानंच लिहिला होता ना, साहेब? आता माफीही याच्याच तोंडून?"

को साहेबांनी गाडी काढली. वाटेत पत्र मला मोठ्याने वाचायला लावले. पुन्हा वाच म्हणाले. मी तिसऱ्यांदा सुरुवात केली तर म्हणाले, "पुरे." गाडी थांबली. फोन आसनावरच राहिला, आणि ते एकटेच उतरले.

मी ऐकत राहिलो. एक कुत्रे भुंकून गप्प झाले. जवळच्या मत्स्यतळ्यात पाणी घुसळणारे चाक फिरत होते. बाकी काही नाही. पत्र तर इथे माझ्यापाशीच होते. मग साहेब तिथे बोलत काय असतील?

बऱ्याच वेळाने पावले वाजली. गाडीची दोन दारे लागली.

"जेवून जा म्हटलं, तर ऐकत नाही तुम्ही," आबोक काकांचा आवाज म्हणाला.

"आधी पट्टा लावा," को साहेब म्हणाले.

एवढेच. त्यानंतर कारखाना येईपर्यंत दोघे यंत्राच्या तेलाविषयी बोलले. माफीचा एक शब्द माझ्या कानी पडला नाही. माझ्या पत्रातले कोणते वाक्य कामी आले, ते मी आजवर शोधतो आहे.

मित्रांनो, नवा मदतनीस आला की मला काढतील, त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण तो माझ्याहून हुशार असला, तरी त्यालाही सांभाळून घ्या. जे कोणी कधी लिहून ठेवले नाही, ते आम्हाला सांगत जा. त्यावाचून आम्ही आंधळेच. हिशेब, पत्रे, हजेरी आमच्यावर खुशाल सोपवा. मात्र ज्याच्या पंगतीला बसून जेवलात, त्याचे मन दुखावले असेल तर आम्हाला पाठवू नका, स्वतः जा. तिथे काय बोलायचे ते मला विचारू नका. मला ते अजून कळलेले नाही.