घरच्यांचं टेबल

उत्तरेकडच्या त्या गार शहरात आलेल्या पाहुण्याने किल्ला बघायचा, जुन्या पुलावर उभं राहून फोटो काढायचा आणि भूक लागली की एका कुटुंबाच्या खाणावळीत शिरायचं, असा ठरलेलाच कार्यक्रम होता. दारावर ठसठशीत पाटी होती: 'घरचं जेवण, घरच्यांसोबत.' आत बारा टेबलं आणि मधोमध एक लांबलचक तेरावं. त्याला म्हणायचे घरच्यांचं टेबल. तिथे घरातलं कुणी ना कुणी पाहुण्यांच्या शेजारी बसून जेवायचं, त्यांना आग्रह करकरून वाढायचं, आणि परगावची माणसं भारावून जायची. आपल्या घरी सख्ख्या आईशी चार शब्द धड न बोलणारे लोक इथे सासूबाईंचा हात हातात घेऊन डोळे पुसायचे. असो, हौस एकेकाची.

धाकटी त्या टेबलाशी रोज बसायची. तिच्या पांढऱ्या एप्रनला लग्नापासून कधी तेलाचा डाग पडला नव्हता. पाहुण्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही केलंत?" की मान खाली घालून गोड हसायचं, एवढंच काम नवऱ्याने, म्हणजे खाणावळीच्या मालकांनी, तिला नेमून दिलं होतं. आपण खोटं कुठे बोलतो, नुसतं हसतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो, आणि दोन वेळा पोटभर मिळत असेल तर फारच लवकर पटवतो.

स्वयंपाक करायची मोठी. धाकटीची जाऊ, मालकांच्या थोरल्या भावाची बायको. ही खाणावळ थोरल्याने आणि तिने मिळून काढलेली. तो बाजार करायचा, ती शेगडीपाशी उभी राहायची. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी तो जेवता जेवता उठला, छातीवर हात दाबला आणि संपला. त्याचं पान अर्धं राहिलं. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं: नवऱ्याचं पान अर्धं राहिलं, आता हिच्यापुढे पूर्ण पान यायचं नाही. दिवसातून एकदा जेवायचं, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, उभ्या उभ्या. मासे नाहीत, मटण नाही, अंडं नाही. भात आणि पातेल्याच्या तळाला काही पातळ उरलं असेल तर ते. घरच्यांच्या टेबलाकडे तर फिरकायचंही नाही, पाहुण्यांच्या ताटावर तिची नजर नको!

"आमच्या घराण्याची रीतच आहे तशी," सासूबाई सांगायच्या.

घराणं म्हणे! या घराण्यातले आजोबा रस्त्याच्या कडेला उकडलेले बटाटे विकायचे. ही रीत कुठून आली ते शोधत गेलं असतं, तर त्या एका संध्याकाळच्या पलीकडे काही सापडलं नसतं. पण शोधणार कोण? मालकांना रीत सोयीची होती. वहिनी बाहेर येत नाही, बोलत नाही, काही मागत नाही, आणि शंभर माणसांचा स्वयंपाक एकटी उरकते. अशी रीत कोण मोडेल? हातांना कुणाची हरकत नव्हती, बरं का. तोंडाला तेवढी होती.

त्या दिवशी सकाळपासून मालकांचे पाय जमिनीवर नव्हते. प्रवाशांनी कुठे काय खावं, याचं पुस्तक लिहिणारी एक बाई दुपारी जेवायला येणार होती. टेबलं दोनदा पुसून झाली. सासूबाईंनी ठेवणीतली शाल काढली.

"माशाचा रस्सा झकास होऊ दे, वहिनी," मालक मुदपाकखान्याच्या दारातून ओरडले. "आज आपलं नाव छापून येणार आहे!"

आपलं म्हणजे कुणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

मोठी कांदा परतत होती. धाकटी मीठ बघायला आत आली, कारण मोठीला स्वतःच्या हातचं चाखायचीही मुभा नव्हती. धाकटीने चमचा तोंडात घातला आणि "फक्कड झालंय, जाऊबाई," म्हणून मान वर केली, तोवर मोठीचा हात शेगडीच्या कडेवर घसरला होता. डोळे पांढरे झाले होते. धाकटीने कमरेला मिठी मारून तिला मागे ओढलं म्हणून बरं, नाहीतर ती उकळत्या पातेल्यावरच पडायची. मिठीत आलेल्या त्या कमरेला मांस म्हणून नव्हतंच. धाकटी चरकली. आठ वर्षं एका छपराखाली राहून आपण या बाईला कधी नीट पाहिलंसुद्धा नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर आले. नाडी बघितली, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली.

"शेवटचं कधी जेवलात?"

"काल," मोठी पुटपुटली.

"काय जेवलात?"

सासूबाई छताकडे बघू लागल्या.

"अंगात रक्त नाही यांच्या," डॉक्टर म्हणाले. "यांना पोटभर खायला मिळत नाहीये."

मालक खो खो हसले. "काय डॉक्टर, थट्टा करता का? अहो, आमचं खाण्याचंच दुकान आहे!"

डॉक्टर हसले नाहीत. "म्हणून तर लाज वाटायला हवी. मासे, अंडी, मटण, दोन्ही वेळा आणि पोटभर. औषध एवढंच. आज हिने मागे ओढलं म्हणून वाचल्या. रोज कोण ओढणार आहे?"

ते गेल्यावर सासूबाईंनी शाल सारखी केली. "त्यांना काय कळतंय रीतभात? पैसे घ्यावेत आणि गोळ्या द्याव्यात."

"आई, तू शांत हो. आणि वहिनी, आजचा दिवस जरा कळ काढ," मालक म्हणाले. "उद्या बघू काय ते."

मोठी भिंतीला धरून उठलीच होती. "रस्सा खाली लागेल," एवढंच म्हणाली आणि पुन्हा शेगडीपाशी उभी राहिली. धाकटीने गुपचूप वाटीत माशाचा एक तुकडा काढून तिच्यापुढे धरला.

"नको गं बाई," मोठीने वाटी मागे सारली. "आईंनी बघितलं तर तुलाच बोलणी बसतील. आणि मला नाही लागत आता काही. वासानेच पोट भरतं माझं."

हे ती इतक्या सहज बोलली की धाकटीने वाटी तशीच बाजूला ठेवून दिली.

एक वाजता पुस्तकवाली बाई आली. गळ्यात कॅमेरा, हातात वही, आणि दिसेल त्या गोष्टीला "अय्या, किती साधं! किती खरं!" म्हणायची सवय. तिला खुर्च्या खऱ्या वाटल्या, पाण्याचा तांब्या खरा वाटला, सासूबाईंच्या सुरकुत्या तर फारच खऱ्या वाटल्या. घरच्यांच्या टेबलाशी सगळे बसले. सासूबाईंनी पाहुणीच्या ताटात दोनदा मासा वाढला आणि शालीत हात गुंडाळून म्हणाल्या, "आमच्या घरातून कुणी उपाशी उठत नाही हो. तेवढा एक नेम आम्ही जन्मभर पाळला."

पुस्तकवालीने ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग धाकटीकडे वळून म्हणाली, "आणि हा रस्सा? इतका सुरेख रस्सा मी कुठेच खाल्ला नाही. तुमच्याच हातचा ना?"

मालकांनी बायकोकडे बघितलं. आता फक्त मान खाली घालायची आणि हसायचं.

धाकटीच्या ओठांना ते हसू जमेना. तिने भरलं ताट पुढे सारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या हातचा नाही. मला साधा कांदासुद्धा धड चिरता येत नाही."

ती उठली ती तडक आत गेली आणि मोठीच्या दंडाला धरून तिला बाहेर घेऊन आली. मोठी नको नको म्हणत होती, पदराला हात पुसत होती. धाकटीने तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, स्वच्छ ताट घेतलं आणि मासा, रस्सा, भात, पाव असं ताट शिगोशीग भरलं.

"हिने केलंय," ती पाहुणीला म्हणाली. "आठ वर्षं हीच करतेय. आणि आठ वर्षांत हिने यातला एक घास खाल्लेला नाही, कारण आमच्याकडे तशी रीत आहे. आज सकाळी भुकेने चक्कर येऊन शेगडीवर पडत होती. हेही लिहून घ्या."

"ऊठ तिथून!" सासूबाई कडाडल्या.

"अगं, वेड लागलं का तुला?" मालक दातओठ खात म्हणाले. "चारचौघांत शोभा करतेस? उद्या बघू म्हटलं होतं ना मी!"

"तुमच्या उद्याला आठ वर्षं झाली," धाकटी म्हणाली. "आणि शोभा मी केली नाही. मी नुसता पडदा सारला."

आजूबाजूच्या टेबलांवरचे चमचे थांबले होते. बघायला सगळे तयार. बोलायला मात्र एकालाही कंठ फुटेना; सगळे भले लोक, जेवायला आलेले. पुस्तकवालीने तर कॅमेरा वर केला. "किती हृदयस्पर्शी! पहिला घास घेताना फोटो घेऊ का?"

"ठेवा तो खाली," धाकटी म्हणाली. "तिला जेवू द्या."

मोठी ताटाकडे बघत राहिली. सासूबाईंच्या डोळ्यांतून अंगार बरसत होता, आणि आठ वर्षं त्या डोळ्यांपुढे मोठीची मान वर झाली नव्हती. तिने घास केला. थोडा भात ताटात सांडला. मग तो घास तोंडात गेला आणि ती चावत राहिली, सावकाश. रडली नाही. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मासा संपला, काटे तिने ताटाच्या कडेला नीट लावून ठेवले. सासूबाई तणतणत उठून आत गेल्या, तरी तिचा हात थांबला नाही.

मग तिने ताट पुढे केलं. मालकांपुढेच.

"भाऊजी, अजून एक तुकडा वाढा."

मालकांनी इकडेतिकडे बघितलं. आख्खी खाणावळ त्यांच्याकडे बघत होती. चरफडत का होईना, त्यांनी डाव उचलला आणि वाढलं.

दुसऱ्या दिवशी मालक घरात कुणाशी बोलले नाहीत आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. धाकटी मात्र पदर खोचून मोठीशेजारी कांदा चिरायला शिकत होती. बोट कापलं, डोळे चुरचुरले, पण ती तिथून हलली नाही. बाराच्या ठोक्याला तिने खाणावळीचं दार आतून लावून घेतलं आणि घरच्यांच्या टेबलावर दोन ताटं मांडली.

"बाहेर माणसं ताटकळलीत!" मालक अखेर ओरडलेच. "लांबून लांबून आलीत बिचारी, भुकेजलीत!"

"अर्ध्या तासाने कुणी मरत नाही," धाकटी म्हणाली. "बसा, जाऊबाई."

तेव्हापासून तिथे रोज असंच चालतं. पुस्तकवालीचं पुस्तक पुढे छापूनही आलं. त्यात सासूबाईंच्या सुरकुत्या आहेत, त्यांचा तो नेमही आहे. मोठीबद्दल अक्षर नाही. शेवटी फक्त एक तक्रार आहे की इथे दुपारी बारा ते साडेबारा उगाच दार बंद ठेवतात.

कधी त्या शहरात गेलात आणि दार बंद दिसलं, तर कडी वाजवू नका. घरातली बाई जेवतेय, थांबा. आणि उभ्या उभ्या वेळ जात नसेल तर आठवून बघा, तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं आणि तिच्यासाठी काय उरतं.