समासातली ओळ

ऑफिसात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं, आणि तिची त्याला हरकतही नव्हती. देशभरातल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींची तब्येत कशी आहे, याचा अभ्यास चालला होता आणि त्यात मुलींचं उंची-वजन मोजायचं काम तिचं. शाळेत जायचं, एकेकीला पडद्यामागे बोलवायचं. टाचा भिंतीला, हनुवटी सरळ, श्वास सोड. मग वर्गात सगळ्यांना प्रश्नावली वाटायची. वाटताना ती प्रत्येक शाळेत तेच सांगायची, "यावर नाव नाही, नुसता नंबर आहे. काय लिहिलंत ते तुमच्या बाईंना कळणार नाही, आईला कळणार नाही आणि मलाही कळणार नाही."

एका दुपारी जेवण उरकून ती उत्तरं संगणकात भरत बसली होती. चारशे सतरा नंबरच्या प्रश्नावलीपाशी तिचा हात थांबला. गेल्या महिन्यात किती दिवस जगणं नकोसं वाटलं, या प्रश्नापुढे पाच चौकटी होत्या. एकीतही खूण नव्हती. शेजारी समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'रोज. कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही.'

प्रश्नावली तीन आठवड्यांपूर्वीची होती. तीन आठवडे ती खोक्यात पडून होती.

सोबत टाचलेली चिठ्ठी मात्र फूटपट्टीच्याच अक्षरातली. मुलगी, वय पंधरा. उंची एकशे एक्कावन्न पूर्णांक पाच, वजन एकोणचाळीस. म्हणजे त्या मुलीच्या डोक्यावर तिने स्वतः पट्टी टेकवली होती. पण चेहरा काही केल्या आठवेना. त्या दिवशी एकेचाळीस मुली झाल्या होत्या, आणि वरून पट्टी टेकवणाऱ्या माणसाला दिसतात ते नुसते भांग.

तेव्हापासून ते भांग तिच्या मागे लागले. लिफ्टमध्ये पुढे उभ्या असलेल्या मुलीचा भांग दिसला की तिच्या मनात आकडा उमटायचा. दीडशे. एकशे त्रेपन्न. बसथांब्यावर दप्तर पाठीला लावलेली एक लहानखुरी मुलगी दिसली, तर ही तिच्यामागे दोन गल्ल्या चालत गेली. मुलगी एका घरात शिरली, दार लागलं, आणि फूटपट्टी बंद दाराकडे बघत उभी राहिली.

घरी तिची स्वतःची लेक त्याच वयाची.

"आई, अशी काय टक लावून बघतेस?"

"काही नाही. उंची बघत होते."

"कालपासून आजपर्यंत वाढले की काय मी?" म्हणून ती हसली आणि खोलीत गेली. ते हसणं खरं होतं का, एवढंसुद्धा आपल्याला सांगता येणार नाही, हे फूटपट्टीच्या लक्षात आलं.

नंबर कोणाचा, ते सांगणारी यादी शाळेच्या नावाच्या पाकिटात सीलबंद होती. पाकिटं लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली फूटपट्टीच्याच टेबलात. चौथ्या दिवशी ऑफिस रिकामं बघून तिने पाकीट काढलं. सीलच्या कडेला नख लावलं, तोच अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"कुठला नंबर?"

फूटपट्टीने प्रश्नावली पुढे सरकवली. डॉक्टरबाईंनी ओळ वाचली. चष्मा काढला, परत लावला आणि पुन्हा वाचली.

"आपण शब्द दिलाय. अकरा हजार मुलांना. हे पाकीट फुटलं असं एका जरी शाळेत कळलं ना, तर पुढच्या वेळी सगळी पोरं 'एकही दिवस नाही' वर खूण करतील."

"आणि तिचं काही बरंवाईट झालं तर त्या शब्दाचं लोणचं घालायचं का?" फूटपट्टीचा आवाज चढला. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच उलटून बोलली होती.

डॉक्टरबाईंनी पाकिटाचं सील अंगठ्याने परत दाबून बसवलं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. प्रश्न विचारायचं ठरवलं आणि उत्तर आलं तर काय करायचं, ते ठरवलंच नाही. पाकीट ठेव आत. शाळेत परत जायला आपल्याला कुणी मनाई केलेली नाही."

दुसऱ्याच दिवशी दोघी शाळेत गेल्या. सोबत एक समुपदेशक बाई घेतल्या. वजनाचा काटा तपासायचा आहे, फेरमोजणी करू, असं मुख्याध्यापकांना सांगितलं. खेळाच्या सामानाची खोली मिळाली. चेंडू आणि जाळ्यांच्या गराड्यात पडदा बांधला. समुपदेशक बाई शेजारच्या खोलीत बसल्या.

मुली एकेक करून आल्या. पट्टी टेकवताना फूटपट्टी प्रत्येकीला हळूच एकच विचारायची, "मागच्या वेळी लिहिलंस ते अजून तसंच आहे का गं? कुणाशी बोलायचंय?"

कोणी खुदकन हसली. कोणी म्हणाली, "मी तर सगळं अंदाजपंचे भरलं, मॅडम." नवव्या नंबरला शाळेच्या संघाची कप्तान आली. धिप्पाड, आत येताना दारावर थाप मारून आली. उंची एकशे अडुसष्ट. प्रश्न ऐकला आणि पट्टीखाली उभ्या उभ्याच तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"आई गेल्यापासून घरात कुणी माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "जेवायला ये, एवढंच म्हणतात."

फूटपट्टीने तिला हाताला धरून शेजारच्या खोलीत नेलं. संध्याकाळपर्यंत तशा सातजणी त्या खोलीत गेल्या. सात! समुपदेशक बाईंनी पुढल्या आठवड्याच्या वेळा तिथेच ठरवून टाकल्या. फूटपट्टीला आनंद व्हायला हवा होता. पण चाळीस मुली संपल्या होत्या आणि एकशे एक्कावन्नच्या आसपासच्या दोघीही "मी मजेत आहे, काकू" म्हणून निघून गेल्या होत्या.

"एकेचाळीस होत्या ना?" तिने वर्गशिक्षिकांना विचारलं.

"एक गेली. वडिलांची बदली झाली. पंधरवडा झाला."

"कशी होती?"

वर्गशिक्षिका विचारात पडल्या. "शांत होती. तिचा कधी त्रास नव्हता." मग थोड्या ओशाळल्या. "खरं सांगू? मला तिचा आवाजसुद्धा आठवत नाहीये."

घरचा फोन नंबर शाळेकडे होता. डॉक्टरबाईंनी स्वतः लावला. पलीकडून वडील बोलले. मोजणी? ती नव्या शाळेत होईल की. मुलगी ठीक आहे, तिला काय धाड भरलीय. त्यांनी फोन ठेवला.

चारशे सतरा म्हणजे तीच, असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. कदाचित ती त्या 'मजेत' असलेल्या दोघींपैकी एक असेल, म्हणून समुपदेशक बाईंनी दर बुधवारी त्या शाळेत बसायचं कबूल केलं. गेलेल्या मुलीचा दाखला कुठल्या शाळेसाठी नेला ते नोंदलेलं होतं. डॉक्टरबाईंनी त्याच संध्याकाळी त्या शाळेच्या समुपदेशकांना फोन केला. नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, नववी-दहावीच्या सगळ्या मुलींशी एकेकीला वेगळं बसवून बोला, उद्याच सुरू करा, नव्या आलेल्यांपासून करा.

मग फूटपट्टी वाट बघत बसली. फोन वाजला की दचकायची. वर्तमानपत्र आलं की आतलं पान आधी उघडायची आणि घाईघाईने मिटायची. लेक जेवताना गप्प बसली की ही जेवण सोडून तिच्याकडे बघत बसायची. शेवटी एकदा तिने ताट बाजूला सारलं आणि लेकीला सरळ विचारलं, जसं शाळेत विचारलं होतं तसंच. लेक आधी चिडली. मग दीड तास बोलली.

महिन्याने नव्या शाळेचं पत्र आलं. डॉक्टरबाईंनी ते मोठ्याने वाचलं. सर्व मुलींशी बोलणं झालं आहे. पाचजणी आता नियमित येतात, एकीच्या पालकांना बोलावून दवाखान्यात उपचार सुरू केले आहेत. मुलींना शब्द दिल्यामुळे नावं कळवता येणार नाहीत, आपण समजून घ्याल.

"तीच असेल का ती?" फूटपट्टीने विचारलं.

"असेल."

"आणि नसेल तर?"

डॉक्टरबाईंनी पत्राची घडी घातली. पुढच्या सोमवारी नवीन शाळा होती. आता समुपदेशक बाई पहिल्या दिवसापासून सोबत असणार होत्या आणि प्रश्नावल्या त्याच संध्याकाळी वाचून काढायच्या, असा नियम झाला होता.

फूटपट्टी गाडीत सामान चढवायला खाली उतरली.