डाव्या पंखाची शिवण

"अलानचं विमान अजून आलं नाही," मी सांगितलं तेव्हा सोआझिग पंखाच्या कापडात सुई घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"येईल. बेटापाशी उतरून आईच्या हातचे घावन खात बसला असेल."

अलान तिचा धाकटा भाऊ, नौदलात वैमानिक. मी त्याच तळावर मेकॅनिक होतो. आमची वॉलरस विमानं इंग्रजांनी लढाईत वापरलेली, नंतर आमच्या फ्रेंच नौदलाकडे आलेली. समुद्रावर टेहळणी करायची, पाण्यावर उतरायची, आणि चाकं खाली सोडली की धावपट्टीवरही. पंख कापडाचे होते, म्हणून तळावर बायकांचं शिवणखातं होतं. सोआझिग, माझी बायको, त्यात होती.

पाच वाजता एक अधिकारी आला आणि म्हणाला की पेट्रोल केव्हाच संपलं असणार. सोआझिगनं सुई कापडात टोचली आणि उभी राहिली. एकोणीसशे सत्तेचाळीसचा ऑक्टोबर होता तो.

अलान त्या दिवशी एकटाच गेला होता. तो सापडला नाही. आमच्या किनाऱ्याला प्रवाह जोराचा आहे. तिसऱ्या दिवशी डाव्या पंखाचा एक तुकडा वाळूवर आला. त्यावरचं कापड सोआझिगनं त्याच आठवड्यात शिवलेलं होतं.

पंख शिवताना थोड्या थोड्या टाक्यांनी गाठ मारायची असते. दोरा तुटला तरी वीतभरच उसवतं, पुढची गाठ बाकीचं धरून ठेवते. त्या तुकड्यावर दोन हात शिवण उसवलेली होती.

"बाराची घंटा झाली म्हणून मी जेवायला गेले," ती म्हणाली. "परत आल्यावर गाठ मारली का मी? तुला आठवतंय?"

"मी कुठे होतो तिथं?"

"नव्हतास. तरी विचारते."

त्याच संध्याकाळी फांचकाका भेटला. शेवंडं पकडायचा तो. धक्क्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

"गुल्वेन, तुमचं ते बदक मी पाहिलं. पाय खाली सोडून पाण्यावर बसायला गेलं. नाक गपकन आत, आणि कोलांटी. मी वल्ही मारत गेलो, तर नुसता तेलाचा तवंग."

"पाय खाली होते? नक्की?"

"अरे, चाळीस वर्षं पक्षीच बघतोय मी समुद्रावर. बगळ्यासारखे लोंबत होते."

चाकं खाली असताना इंजिन मंद केलं की वैमानिकाच्या कानाशी भोंगा वाजायचा. पाण्यावर उतरत असशील तर चाकं वर घे, ही त्याची सूचना. पण त्या महिन्यात अलान सारखा धावपट्टीवरच उतरत होता, आणि तिथं चाकं खालीच लागतात. भोंगा दर वेळी बोंबलायचा.

"भावोजी, तुमच्या सासूसारखा ओरडतो हा," तो म्हणाला होता.

"माझी सासू म्हणजे तुझीच आई आहे रे."

"म्हणून तर सांगतो. तार काढा त्याची."

मी हसलो आणि तार काढली. वीतभर लांबीची. पुन्हा लावीन म्हणून खिशात ठेवली. वहीत नोंद केली नाही.

"साहेबांना जाऊन सांगू का?" फांचकाकानं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "त्यांचं लिहून झालंय."

झालं नव्हतं. चौकशी सोमवारी होती.

अहवालात दोनच ओळी आल्या. डाव्या पंखाचं कापड उसवलेलं आढळलं. अपघाताचं निश्चित कारण समजलं नाही. सोआझिगला कोणी एका शब्दानं बोललं नाही. तिनं आपणहून नोकरी सोडली.

सोआझिग आणि अलान बेटावरचे. तिथं समुद्रात गेलेल्याचं शरीर मिळालं नाही तर मेणाचा छोटा क्रूस करतात, घरात टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवतात, त्याच्यापाशी बसतात आणि मग चर्चमध्ये नेतात. त्या कापडाची किनार सोआझिगनं शिवली. एक टाका, एक गाठ. एक टाका, एक गाठ.

"अगं, रुमाल आहे तो. जहाजाचं शीड नाही," सासूबाई म्हणाल्या.

"असू दे," ती म्हणाली.

त्यानंतर छत्तीस वर्षं ती तसंच शिवत राहिली. माझ्या सदऱ्याची बटणं, पडदे, मुलीचे झगे. आमच्या घरात काही उसवलं नाही कधी. मुलगी थट्टा करायची, "आईनं शिवलेलं फाटेल, पण सुटणार नाही."

एकदाच मी विषय काढला. ती माझ्या कोटाचं अस्तर लावत होती.

"समज, अलानची चाकं खाली राहिली असली तर?"

"राहिली असती तर भोंगा वाजला असता की," ती म्हणाली. "ते तर तूच बघायचास ना?"

"हो," मी म्हणालो.

तिनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

या फेब्रुवारीत ती इस्पितळात होती. शेवटचे दोन दिवस तिची बोटं चादरीच्या कडेवरून फिरत होती. मी पाहिल्याबरोबर ओळखलं काय चाललंय ते. तिनं डोळे उघडले.

"मारली होती का रे मी गाठ?"

"मारली होतीस," मी म्हणालो.

"तू कुठे होतास तिथं," ती म्हणाली. रागानं नाही. मग डोळे मिटले.

गुरुवारी सकाळी ती गेली. तिला बेटावर पुरलं, आईशेजारी. पलीकडे दहा पावलांवर ते मेणाचे क्रूस ठेवायची दगडी पेटी आहे. अलानचा क्रूस तिच्यात आहे.

फांचकाका वारला त्याला वीस वर्षं झाली. आता हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तार माझ्याकडे आहे, वायसरांच्या डब्यात.

बेटाची बोट सकाळी सुटते. मी तीनदा जाऊन आलो. दर वेळी तार खिशात होती. फुलं ठेवली, गवत उपटलं, दगड पुसला. तिला सांगायचं अजून राहिलं आहे.