डिंकानं बुजलेला ठसा

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. पण खिळे ठोकणारा नव्हे. माझ्या तोंडावर जंगलखात्याची उलटी अक्षरं कोरलेली आहेत. नाचणगावच्या लोहारानं मला घडवलं आणि मी नाकेदार, म्हणजे जंगलाची राखण करणाऱ्या, प्रभाकररावांच्या हाती आलो. झाडाची थोडी साल तासायची आणि तिथं मला हाणायचं. ठसा उमटलेलं झाड तोडायचं, बिनठशाचं सोडायचं. मी स्वतः कधी एक डहाळी कापली नाही, पण ज्याला शिवलो ते उभं राहिलं नाही. साहेबलोक माझ्या ठशाची तारीफ करत आणि मी फुगून जाई.

१९५४च्या दिवाळीनंतर आम्ही आर्वीपलीकडच्या, सालईच्या झाडांनी भरलेल्या टेकडीवर गेलो. लाकूड काडेपेट्यांसाठी जायचं होतं, उरलंसुरलं कोळशाच्या भट्टीत. भर दुपार होती, वारा अगदी पडलेला. मी पहिल्या झाडावर बसलो आणि डिंकाचा उग्र वास उठला. जखमेला वास येणारच, त्यात नवल नाही. पण थोड्या वेळानं टेकडीच्या दुसऱ्या टोकाची, मी अजून न शिवलेली झाडंही घमघमू लागली. शेंड्यांवर निळसर धुरकट थर साचला. प्रभाकररावांच्या तळव्याचा घाम माझ्या दांड्याला लागत होता.

शेवटच्या, सर्वांत जुन्या झाडाशी सुंदरा उभी होती. ती टेकडीखालच्या गोंडांच्या वस्तीतली, सालईचा डिंक गोळा करणारी.

"साहेब, याच्या बुडाशी माही माय पुरली हाये," ती म्हणाली. "तिचा श्वास यानं ओढून घेतला. आता थोडा थोडा मले परत देऊन राह्यला. हे भट्टीत गेलं तं माय एका दिवसात धूर होऊन जाईन."

"असं कुठी असते का वं, सुंदराबाई?" प्रभाकरराव हसले आणि त्यांनी मला जोरानं हाणलं.

पंधरा दिवसांनी आम्ही पाहणीला आलो, तेव्हा टेकडी बोडकी झाली होती. खाली भट्ट्या धुमसत होत्या. ते एकच झाड उभं होतं. सुंदरानं ठशाच्या वरच्या बाजूची साल तासून ठेवली होती. तिथून डिंक ओघळून ठशावर त्याचा जाड थर साचला होता. तोडणाऱ्यांना ठसा दिसलाच नव्हता.

प्रभाकररावांनी मला पुन्हा उगारलं.

"साहेब, पयले खोडाले नाक लावा," सुंदरा म्हणाली.

ते वाकले. पान हलत नव्हतं, तरी खोडाकडून ऊबदार झुळूक आली; जवळ निजलेल्या माणसाचा श्वास लागावा तशी. मी लोखंडाचा, तरी शहारलो. त्यांचा हात ढिला पडला आणि माझं तोंड त्या ओल्या डिंकात टेकलं.

"ठसा दिसत नाही," ते हळूच म्हणाले. "बिनठशाचं झाड तोडता येत नाही."

आता शिकलेली माणसं सांगतात, की झाडं हवेतला कर्बवायू ओढून त्याचं लाकूड करतात, त्यातलं थोडं वासातून परत सोडतात, आणि झाड जाळलं की सगळं एकदम हवेत जातं. सुंदराला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिला तिची माय जपायची होती.

मी आता कचेरीतल्या कुलूपबंद कपाटात गंजत पडलो आहे. दिवाळीनंतरच्या कोरड्या दुपारी खोलीत सालईचा वास भरतो. कारकून खिडक्या लावून पाहतात, कोपरे झाडतात. तो वास माझ्यातूनच येतो. प्रभाकररावांनी मला पुसलंच नाही; माझी अक्षरं अजून त्या डिंकानं बुजलेली आहेत. मित्रांनो, कधी मी तुमच्या हाती लागलो तर मला घासूनपुसून लख्ख करू नका. माझा ठसा पुन्हा उमटायला लागेल.