एकाच्या जागी दुसरा

इंदुताईंनी बाटलीचं बूच काढलं आणि ती दौलतरावांच्या टेबलावर, कबुलीच्या कागदाशेजारी ठेवली. बघता बघता मॅनेजरसाहेबांचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"आधी बूच लावा बाई."

"लावते. आता ऐका. टोल्युइनच्या रेणूत कार्बनचं एक कडं असतं आणि त्याला एक शेपटी. त्यात क्लोरीन सोडला की एक हायड्रोजन निघतो आणि त्याची जागा क्लोरीन घेतो. बाकी सगळं जिथल्या तिथं. अंधारात, लोखंडाच्या सोबतीनं, कड्यावरचा हायड्रोजन निघतो. आपल्या रंगाला तोच माल लागतो. ऊन पडलं की शेपटीतला निघतो, आणि हे असलं डोळे जाळणारं पाणी होतं. म्हणून मी खिडकीला काळा पडदा लावला होता."

सत्तावन्न सालच्या पिंपरीत, रंगाच्या त्या नव्या कारखान्यात, रसायन शिकलेली बाई एकच. त्यामुळे माल नासल्यावर खापर कुणाच्या माथी फोडायचं, याचा विचारसुद्धा कुणाला करावा लागला नाही. पडदा काढायला सांगितला खुद्द साहेबांनी. दिल्लीचे पाहुणे येणार, फोटो निघणार, खोली कशी उजळ दिसली पाहिजे! आणि कबुली द्यायची इंदुताईंनी, नाहीतर घरी बसायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

दौलतरावांनी रुमालानं डोळे पुसले.

"पटलं. तुमची चूक नाही."

त्यांनी कागद ओढला, इंदुताईंचं नाव खोडलं आणि वर 'भैरू' असं लिहिलं. बाकीचा मजकूर तसाच राहिला. मग दाराशी उभ्या असलेल्या भैरूला त्यांनी आत बोलावलं. दिघीचा हा गडी साहेबांच्या हुकमानं शिडीवर चढला होता, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

"अंगठा कर."

भैरूनं शाईत अंगठा बुडवला.

"सायेबच म्हनलं व्हतं, पडदा काढ," तो हळूच म्हणाला.

इंदुताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"थांब, भैरू."

"तुम्ही सुटलात ना? मग कामाला लागा," दौलतराव म्हणाले.

इंदुताईंनी त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं, भैरूचं नाव खोडलं, त्या जागी साहेबांचं नाव आडनावासकट लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला.

दौलतरावांनी तो वाचला.

"उद्यापासून येऊ नका."

"बरं," इंदुताई म्हणाल्या आणि दाराकडं वळल्या.

भैरूला अक्षर वाचता येत नव्हतं.

"कुनाचं नाव लिवलं, ताई?"

"ज्याची चूक, त्याचं."

भैरूनं अंगठा धोतराला पुसला आणि त्यांच्या मागोमाग तोही बाहेर पडला.