इंजिन गेलं आणि गिऱ्हाईक तुटलं

गिऱ्हाईक म्हणजे देव, असं ज्याने सांगून ठेवलं त्याने पिठाच्या गिरणीत एक दिवससुद्धा काढलेला नसणार. देव डबा आपटत नाही. 'मागच्याची ज्वारी माझ्या गव्हात आली' म्हणून देव हात नाचवत नाही. आमच्याकडे एक बाई 'घरी लेकरू रडून राह्यलं' असं म्हणून रांग मोडायची. तिचं लेकरू वीस वर्षांचं होतं आणि समोरच्याच पानठेल्यावर उभं असायचं.

मी मधुसूदन. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत. मी मॅट्रिकला आपटलो, पुन्हा बसलो, पुन्हा आपटलो आणि महागावच्या वाटेवरच्या एका बाजारगावात फुलचंद शेठच्या गिरणीत दळायला लागलो. कळंबच्या शुभदाशी माझं लग्न ठरलं, तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, तिच्या वडिलांना 'मुलगा मिलमध्ये आहे' एवढंच सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

गिरणीला तेलाचं इंजिन होतं. ते सुरू झालं की त्याचं कुक-कुक शिवारापर्यंत जाई, आणि आत तर कानाला तोंड लावलं तरी शब्द कळत नसे. माझे दिवस सुखात गेले ते या इंजिनाच्या कृपेने. बाया येत, धान्य ओतत आणि माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागत. काय बोलत ते ऐकू येत नसे, पण चढलेल्या भुवया आणि मानेच्या शिरा दिसत. शिव्या ओळखायला कान कशाला लागतात?

मीही गप्प बसणारा नव्हतो. हसतमुखाने, मान लववून, प्रत्येकीला चोख उत्तर देत असे. तांड्यावरची धुरपताबाई कोपरापर्यंत बांगड्या वाजवत बोलू लागली की मी हात जोडून म्हणे, "या भवानी! तुमच्या जिभेची धार माझ्या दगडाला असती तर टाकीचे घाव घालायचा खर्च वाचला असता." पोस्टमास्तरांच्या पद्मजाबाई घरी गडी असताना स्वतः डबा घेऊन येत, ओठ आवळून पुटपुटत आणि डोळे लाल करत. त्यांना मी म्हणे, "अहो, पोस्टातली तिकिटं तुमच्या तोंडाला चिकटवली असती तर गावावर उपकार झाले असते." त्या मान डोलावत. मीही डोलावे. सगळ्या हलक्या मनाने घरी जात आणि मीही जेवायला बसत असे.

मग गावात वीज आली. शेठने इंजिन विकलं, विजेची मोटर बसवली, नारळ फोडला. बटण दाबलं आणि गिरणी नुसती घरघरली. कुणी शिंकलं तरी ऐकू येत होतं.

पहिलं दळण धुरपताबाईचं. तिने ज्वारी ओतली, माझ्याकडे बघून तोंड उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मिटलं. पण माझी सवय कुठे जाते? मी हात जोडले आणि म्हणालो, "या भवानी! तुमच्या जिभेची धार..." आणि टाकीच्या खर्चापर्यंत सगळं बोलून गेलो. पद्मजाबाई दुसऱ्या नंबरवर होत्या. त्यांनी विचारलं, "आणि मला काय म्हणत होता हो इतकी वर्षं?"

मी वाकून पिठाचा डबा भरायला लागलो. धुरपताबाई मात्र रागावली नाही. पीठ घेतलं आणि निघून गेली.

दुसऱ्या आठवड्यापासून गिऱ्हाईक तुटायला लागलं. बाया नदी ओलांडून पलीकडच्या गिरणीत जाऊ लागल्या. तिथे तेलाचंच इंजिन होतं, दळणही जाडंभरडं. शेठ गल्ल्यापाशी बसून रिकाम्या ओट्याकडे बघत.

"तुह्या तोंडानं धंदा बसून राह्यला," शेठ म्हणाले. "दसऱ्यापर्यंत बाया वापस नाही आल्या तं तू तुह्या घरी, मी माह्या घरी."

दसऱ्यानंतर दीड महिन्याने माझं लग्न होतं. मिलमधला मुलगा मिलमधूनच हाकलला गेला तर कळंबवाले नानांना काय विचारणार होते? मी गोड व्हायचं ठरवलं. "या ताई, बसा ताई, पाणी घ्या ताई." उरलेल्या बायांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजारी माणसाकडे बघतात. त्यातल्याही दोघी नदीपलीकडे गेल्या.

शेवटी एका सकाळी मी तांड्यावर गेलो. धुरपताबाई दारात मिरच्या निवडत बसली होती.

"माय, माफ कर," मी म्हटलं. "तू मले शिव्या द्यायची म्हणून मी देत होतो. आता तू दे, मी चूप राहतो. पण दळण घेऊन ये."

तिने मिरच्या बाजूला ठेवल्या. "तुले? तुले कोन शिव्या देईन बाप्पा? तुह्यात हाय काय शिव्या देण्यासारखं?"

"मग रोज काय बोलायची?"

"माह्या जावयाले बोलून राह्यली होती. खेमसिंगले. पोरीले माहेरी पाठवत नाही मेला. त्याच्या तोंडावर बोलाव तं पोरीले मारते. घरात बोलाव तं माहा बुढा आयकते. इंजनापाशी कोनी आयकत नाही. तुह्या तोंडाकडे पाहून बोललं का बरं वाटे. तू बी मान हलवे."

आत भाकरी थापत बसलेली तिची सून जमनी खाली मान घालून हसत होती. धुरपताबाईने तिच्याकडे बोट केलं. "हे येते नं गिरणीत, हे मले शिव्या देते. मले मालूम हाय. म्हनूनच तं तिले पाठोतो. दळून आली का चार दिस गोड राह्यते."

"आणि पोस्टमास्तरीण?"

"तिची सासू खाटलीवर पडून हाय. पडल्या मानसाले काय बोलन ते? हागनं-मुतनं काढते, आन् तुह्यापाशी येऊन रडते."

मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. मी इतकी वर्षं डोकं खाजवून एकेकीसाठी नवीन उत्तरं तयार केली, आणि बायांच्या हिशेबी मी म्हणजे भिंत. मग पद्मजाबाईंचे लाल डोळे आठवले. त्या रडत होत्या आणि मी त्यांना तोंडाला तिकिटं चिकटवायला सांगत होतो.

गिरणीत आल्यावर पाना घेतला. धान्य ओततात त्या पत्र्याच्या कोठ्याचे चारही बोल्ट सैल केले आणि पट्ट्यावरच्या झाकणाचे दोन काढूनच टाकले. बटण दाबलं. गिरणी अशी खडखडली की पानठेल्यावरची माणसं उठून बघायला आली. माझं मलाच ऐकू येईना. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

धुरपताबाई दुसऱ्याच दिवशी आली. तिने मान तिरपी करून खडखडाट ऐकला, माझ्याकडे पाहिलं आणि खेमसिंगला जे धारेवर धरलं! बाजाराच्या दिवशी रांग ओट्याखाली उतरली. पद्मजाबाई आल्या तेव्हा मी हात जोडले नाहीत की तोंड उघडलं नाही. त्या बोलत होत्या तोवर त्यांच्याकडे बघत राहिलो. पीठ भरून झालं तरी बोलत होत्या, म्हणून मी पिठाला उगाच चाळणी लावली.

पण शेठला खडखडाट खपेना. नवीन मशीन, एवढे पैसे ओतलेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते यवतमाळहून फिटर घेऊनच आले. फिटरला बाहेर पिशवी उघडायला सांगितली आणि स्वतः आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

ते काहीतरी ओरडले. मी कानाकडे बोट दाखवलं. ते पुन्हा ओरडले, कोठ्याकडे हात केला, माझ्याकडे हात केला, दाराकडे हात केला. एवढं मला न ऐकताही कळलं. माझी नोकरी त्या दाराबाहेर चालली होती.

शेठचं बोलणं खरं तर तिथेच संपायला हवं होतं, पण ओठ हलतच राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं. रांगेतली एकही बाई त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांनी टोपी काढली, हातात चुरगाळली आणि माझ्या आणखी जवळ आले. आता हात हलत नव्हते. हनुवटी थरथरत होती. इतकी वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काढली, पण त्याच्या घरी कोण आहे, कोण नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी मान डोलावत राहिलो.

फिटर पाना घेऊन आत आला. शेठने टोपी घातली, त्याचा दंड धरला आणि बाहेर नेऊन चहाला बसवला. मग परत आले. मी बटण बंद केलं आणि ऐकायला उभा राहिलो. रांगेतून एकदम ओरड झाली.

"बंद कायले केली?" शेठ माझ्यावर खेकसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "चालू ठेव. उद्या मी पुन्हा येतो. दळन नसन माह्याजवळ, तरी चालू ठेवजो."