सातव्या वळणावरची सावली

रांग आकाशपाळण्याला वळसा घालून थेट तिकीटखिडकीपर्यंत गेली होती, आणि तिच्यात एकही पोर नव्हतं. आता बोला! मनोरंजन बागेत पोर नसलेली रांग! काळोखगुहेसमोर सकाळपासून उभी होती ती सगळी मोठी माणसं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात गेलेल्या कुणाचा तरी फोटो होता.

झालं असं होतं, की तीन आठवड्यांपूर्वी कुणी तरी गुहेतल्या गाडीत बसून फ्लॅश मारला. मागच्या गाडीतल्या लोकांना सातव्या वळणावर भिंत हिरवट उजळलेली दिसली आणि त्या उजेडात एक काळं माणूस उभं. हलत नव्हतं की बोलत नव्हतं. लोकांनी बोंब ठोकली, आणि त्या बोंबेचा वास लागल्यासारखा उजेडबुवा चौथ्या दिवशी हजर झाला.

पांढराशुभ्र सदरा, गळ्यात दोरीला बांधलेली बॅटरी, आणि तोंडाचा पट्टा असा की बंद करायचं बटणच नाही. "आत्म्याला काय लागतं? अन्न? नाही! पाणी? नाही! आत्म्याला लागतो उजेड, आणि तोही एका झटक्यात! मारा फ्लॅश, आपलं माणूस पुढे येतं की नाही बघा! विज्ञानसुद्धा हेच सांगतं, मंडळी!" विज्ञानानं हे बुवाला कधी येऊन सांगितलं कोण जाणे. पण लोक मान डोलावत होते. बुवाच्या मागे 'आत फ्लॅश मारू नये' अशी पाटी होती. तिच्यावर त्याने स्वतःचाच फलक टांगला होता.

हे सगळं काचेच्या केबिनमधून पाहत होते गुहाकाका. अकरा वर्षं गुहेची गाडी सोडायचं काम त्यांचं. हिरवं बटण दाबायचं आणि माइकवर तीच चार वाक्यं म्हणायची: "हात आत ठेवा. उभे राहू नका. फ्लॅश मारू नका. पुढच्या-मागच्यांचे डोळे दिपतात, त्यांनीही अंधारासाठीच तिकीट काढलंय." यातली शेवटची दोन वाक्यं मॅनेजरने बंद करायला लावली होती. "गर्दी वाढतेय ना काका? मग गप बसा की."

काका गप बसले, पण मॅनेजरच्या धाकाने नव्हे. त्यांना स्वतःलाच सातव्या वळणावर कोणी तरी दिसलं होतं.

काकांची बायको या गुहेची रंगारीण होती. आतला राक्षस, जळकं जहाज, वटवाघळं, सगळं तिच्या हातचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून काका सुट्टीच्या दिवशीसुद्धा डबा घेऊन केबिनमध्येच येऊन बसायचे, कारण घरी भिंतीकडे तोंड करून जेवावं लागायचं. घरात टीव्ही लावलेला असायचा. काय चाललंय ते ते बघायचे नाहीत, नुसता माणसाचा आवाज हवा म्हणून लावायचे. कामावर दिवसाला हजार माणसं समोरून जायची आणि त्यांतलं एकही काकांशी बोलायचं नाही.

बोलला तो बुवा. पहिल्याच दिवशी चहाचे दोन कप घेऊन केबिनशी आला. "काका, काकू गेल्या म्हणे. कशा होत्या हो?"

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. काका तासभर बोलत राहिले. उंची सांगितली, अंबाडा सांगितला, छत रंगवून रंगवून उजवा खांदा कसा कायमचा वर राहिला होता तेही सांगितलं. बुवाने सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याने काकांना गाडीत बसवलं. सातव्या वळणावर भिंत उजळलेली होती आणि तिच्यावर अंबाडा घातलेली बाई होती, उजवा खांदा वर. काका इतके रडले की गाडी थांबली तरी उतरायचं भान राहिलं नाही, आणि गाडी त्यांना घेऊन दुसऱ्यांदा आत गेली.

"ती तुमच्यासाठी थांबलीय," बुवा म्हणाला. "तुम्ही इथून हललात, की ती कायमची अंधारात अडकली म्हणून समजा."

आणि काकांना तर हलायचं होतं. दुसऱ्या शहरात त्यांची लेक होती, शाळेत विज्ञान शिकवायची, तिला सातवा महिना लागला होता. "बाबा, पहिल्या तारखेला या आणि आता इथेच राहा," असं ठरलं होतं. काकांसाठी खोली रिकामी करून ठेवली होती. पहिली तारीख जवळ आली तशी एका संध्याकाळी काकांनी फोन केला. "मी येत नाही, पोरी. तुझी आई इथे आहे."

दुसऱ्या दिवशी लेक स्वतःच बसने येऊन दारात उभी राहिली.

"बाबा, हे काय काढलंय?"

"डोळ्यांनी पाहिलंय गं."

"मग मलाही दाखवा."

अशा दिवसांत गाडीत बसवायला मनाई. म्हणून सकाळी बाग उघडण्याआधी दोघं कामगारांच्या दाराने पायीच आत गेली. रुळांच्या कडेकडेने, हातात बॅटरी, एकमेकांना सांभाळत. सातव्या वळणावर लेकीने भिंतीवर हात फिरवला. बॅटरीच्या उजेडात भिंत नुसती पांढरट, जराशी पिवळी दिसत होती.

"ही कधी रंगवली?"

"आई गेल्यावर. ओल आली होती. तिचा एक डबा पडून होता गोदामात, म्हटलं वाया कशाला घालवायचा. मीच मारले दोन हात."

"डबा टाकलात?"

कसला टाकतायत! झाकणावर बायकोचं अक्षर होतं, म्हणून काकांनी रिकामा डबा गुहेतल्याच कोनाड्यात जपून ठेवला होता. लेकीने झाकण उजेडात धरलं. 'चांदण्या. बारीक ब्रश.' तिने ते दोनदा वाचलं आणि तिला हसूही आलं आणि रडूही.

"अहो बाबा! हा चांदण्यांचा रंग! उजेड साठवून ठेवतो आणि अंधारात हळूहळू सोडतो. आई याचे टिकलीएवढे ठिपके द्यायची. तुम्ही आख्खी भिंत सारवलीत की हो!"

"मग दोन वर्षं चमकली का नाही?"

"तुम्ही आत कुणाला फ्लॅश मारू दिलात का? उजेडच मिळाला नाही तिला. आता भिंतीला पाठ लावून उभे राहा. डोळे मिटा."

फ्लॅश पडला. "आता बाजूला व्हा," लेक म्हणाली.

काका चार पावलं सरकले आणि वळून पाहिलं. भिंत हिरवट उजळली होती. मधोमध एक माणूस उभा होता, जरा पोक आलेला, पोट सुटलेलं, कानाशी टोपीचं टोक. जिथे उजेड पोचला तिथे भिंत चमकत होती. जिथे काका आड आले होते तिथे ती काळीच राहिली होती.

"हा मी," काका हळूच म्हणाले.

"तुम्हीच. आणि तुम्ही माझ्याशेजारी धडधाकट उभे आहात."

"पण तिचा खांदा, पोरी..."

"खांद्याचं बुवाला कुणी सांगितलं होतं?"

काका रुळावर बसले. "मीच," ते म्हणाले. बुवाच्या जथ्यात अंबाडा घालणारी एक शिष्या होती, कायम पुढच्या गाडीत पहिल्या बाकावर, आणि मोठा कॅमेरा घेतलेला एक जण त्याच गाडीच्या मागच्या बाकावर. आता सगळंच उमगलं. गाडी वळणावर तिरकी झाली की पुढचा बाक कॅमेरा आणि भिंत यांच्या मधे येतो; बाईने उजवा खांदा उचलून धरला की झालं. पंधरा दिवस काका त्या परक्या बाईच्या सावलीला हात जोडत होते.

लेक शेजारी टेकली. "बसमध्ये येताना मी ठरवत होते, खरंच असली तर आईला आधी काय सांगायचं," ती म्हणाली. "मलाही हवी होती हो ती." भिंतीवरचा माणूस मावळून जाईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.

अकरा वाजता काकांनी माइक हातात घेतला. "मंडळी, आज गाडी नाही. सगळे पायी आत या. सातव्या वळणावरचं माणूस मी दाखवतो."

बुवा ताडकन उठला. "आत्मे कोपतील!"

"तुमच्यावर कसे कोपतील, बुवा? चला, तुम्हीच पुढे."

माणसांसमोर नाही म्हणता येईना. बुवाला भिंतीपुढे उभं केलं, सवयीने त्याचा आशीर्वादाचा हात वर गेला, आणि काकांनी त्याच्याच शिष्याच्या कॅमेऱ्याने फ्लॅश मारला. बुवा बाजूला झाला. भिंतीवर बुवा तसाच उभा, पोटासकट, हात वर.

"अरेच्चा!" मागून कुणी तरी म्हणालं. "बुवा वारले कधी?"

गुहा हसण्याने दणाणली. काकांनी रंगाचा डबा वर धरून सगळं उलगडून सांगितलं, लपवाछपवी नाही, स्वतःची चूकसुद्धा. मग एकेकाला उभं केलं आणि एकेकाची सावली दाखवली. तेवढ्या गडबडीत बुवाने कामगारांच्या दाराने पाय काढला.

एका आजीने मात्र भिंतीपुढे उभं राहायला नकार दिला. तरण्या मुलाचा फोटो छातीशी धरून ती म्हणाली, "मग परवा माझा लेक दिसला, तो?"

हसणं थांबलं. सगळी काकांकडे पाहू लागली. काकांना वाटलं, एवढ्या एका म्हातारीला खोटं सांगितलं तर काय बिघडणार आहे? पण त्यांना लेकीला केलेला स्वतःचा तो फोन आठवला.

"तो नव्हता, आजी," ते म्हणाले. "माझी बायकोही नव्हती. मीही रडलोय इथे. बुवाने तुम्हाला आधी काय विचारलं होतं?"

"मुलगा कसा होता, ते विचारलं," आजी म्हणाली. "दुसरं कोण विचारतंय मला?"

काका माणसांच्या मधे येऊन उभे राहिले. आता बोलायचं ते जवळच्या माणसांशी होतं. "ऐकलंत? भिंतीत जादू नाही, रंग आहे. बुवाजवळ सिद्धी नाही, नुसती चौकशी आहे. डोळ्यांना दिसलं तरी विचारा, उजेड कुठून आला, आड कोण आलं, आणि आपली गोष्ट याला आधी कुणी सांगितली. एकट्या माणसाला फसवायला फार काही लागत नाही, मंडळी, दोन कप चहा पुरतो. तो चहा आपण एकमेकांना आधी का पाजला नाही?"

दोन-तीन जणांनी हातातले फोटो खिशात ठेवले. रांगेत तीन आठवडे एकमेकांच्या पाठी पाहत उभी राहिलेली ती माणसं पहिल्यांदाच एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

दुपारी काकांनी भिंतीला काळ्या रंगाचे दोन हात मारले. पहिल्या तारखेची बस त्यांना गाठायची होती. पण त्याआधी ते आणि लेक बाकावर आजीच्या दोन बाजूंना बसले आणि काकांनी विचारलं, "आता सांगा आजी, कसा होता तुमचा मुलगा?"

आजी संध्याकाळपर्यंत सांगत होती.